लहान हातांची काठी
(प्रस्तावना)

मासे गरवायची काठी दुकानातून विकत आणायची असते, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही. कोकणात खाडीकाठच्या घरातला पोरगा माणग्याची नाहीतर चिवारीची सरळशी काठी तोडतो, शेंड्याला काठीच्या लांबीएवढा तंगूस बांधतो, गरीला कोळंबीचा तुकडा लावतो आणि साकवावर जाऊन बसतो. देशावर ओढ्याकाठी हाच उद्योग वेळूच्या काठीने आणि गांडुळाने चालतो. या काठीला रीळ नसतं, मूठ नसते, किंमतही नसते. वजन मात्र नेमकं मुलाला पेलेल एवढंच असतं, कारण ती त्याने स्वतः निवडलेली असते. जड वाटली तर तो तिथल्या तिथे दुसरी तोडतो.

विकतच्या काठीत ही सोय नाही. मोबाइलवर मासे पकडण्याचे व्हिडिओ बघून मुलं रॉडचा हट्ट धरतात, आणि मग घरातलं मोठं माणूस दोनांपैकी एक काहीतरी करून बसतं. एक तर कार्टूनची चित्रं असलेली, जेमतेम हातभर लांबीची प्लास्टिकची जोडी आणतं. तिचं रीळ दुसऱ्या रविवारपर्यंत अडकलेलं असतं. नाहीतर शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घ्यावा तशी नऊ फुटी काठी आणि त्यावर ५००० आकाराचं रीळ घेतं, ‘मोठा झाला की वापरेल’ म्हणून. ही जोडी पाऊण किलोच्या घरात जाते. दहा वर्षांचं मूल ती पाच-सात वेळा भिरकावतं, मग काठी खडकाला टेकवून खेकडे शोधायला जातं. घरी आल्यावर सगळे म्हणतात, याला चिकाटीच नाही. चिकाटी असते, मनगट दुखत असतं.

या पुस्तिकेचं म्हणणं थोडक्यात असं आहे, की हलकी काठी ही मोठ्या काठीची लहान केलेली आवृत्ती नव्हे. मुलाचं मनगट काय पेलतं आणि जवळच्या पाण्यात रोजचा मासा कुठला मिळतो, ही दोन उत्तरं हातात असली की लांबी, रीळ, तंगूस हे सगळं त्यामागून ठरत जातं. दुर्दैवाने दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘बजेट किती?’

गरीने मासे धरण्याचा शौक आपल्या मुलखात जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात सिद्ध केलेल्या मानसोल्लासात मत्स्यविनोद नावाचं प्रकरणच आहे. माशांचे प्रकार, त्यांना घालायचा चारा आणि गळाने पकडण्याची रीत असं सगळं त्यात येतं. पुढे इंग्रज अंमलदार आले आणि हा शौक वेगळ्या वळणाला लागला. हेन्री सुलिव्हन थॉमस या मद्रासकडच्या सनदी अधिकाऱ्याचं ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ मध्ये मंगळूरला छापलं गेलं. त्या परंपरेचा देव म्हणजे महाशीर. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महाशीर काढला, त्याच्या गप्पा अजून संपलेल्या नाहीत. असा मासा डोळ्यांपुढे ठेवून जे सामान घ्यायचं ते दणकट असणारच. आपल्याकडच्या अनुभवी शौकिनांचा सल्ला आजही नकळत त्याच बाजूला झुकतो: जाड तंगूस घ्या, मोठं रीळ घ्या, मासा सुटायला नको. मोठ्यांसाठी तो बरोबर असेल. उजनीच्या काठावर पावशेर वजनाची चिलापी धरणाऱ्या मुलाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

उपयोग नाही एवढंच नव्हे, त्यात मुलाचं नुकसानही आहे. पावशेराच्या माशाने ओढ दिली तर जाड काठी वाकतच नाही. शेंडा ढिम्म, हाताला काही कळत नाही, ओंडका ओढावा तसा मासा बाहेर येतो. तोच मासा हलक्या काठीवर लागला तर शेंडा थरथरतो, काठी अर्ध्यापर्यंत कमान घेते, आणि पाण्याखाली चाललेली धडपड मुलाच्या तळहातापर्यंत पोचते. पाहिजे असते ती नेमकी ही गोष्ट.

आता मनगटाबद्दल. तराजूवरचं वजन आणि हाताला जाणवणारं वजन यांत फरक असतो. काठी एका टोकाशी धरायची असते, त्यामुळे शेंड्याकडचे दहा ग्रॅम मुठीकडच्या पन्नास ग्रॅमपेक्षा जास्त थकवतात. म्हणून वेष्टणावरचा ग्रॅमचा आकडा वाचून थांबू नये. रीळ बसवून, रिळाच्या दांड्याच्या किंचित पुढे एका बोटावर काठी आडवी तोलून बघावी. शेंडा झपकन खाली गेला तर ती तासाभरात मुलाचं मनगट खाणार. जवळजवळ आडवी राहिली तर दोनशे ग्रॅमचं रीळसुद्धा जाणवत नाही. सगळ्यात हलकं रीळ शोधत बसणाऱ्यांना हे सहसा पटत नाही, पण पुष्कळदा पंचवीस-तीस ग्रॅम जड रीळच काठीचा तोल सांभाळतं.

लांबीचा ठोकताळा सोपा आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला चार-साडेचार फूट, आठ ते अकरा वर्षांच्या मुलाला पाच-साडेपाच फूट, त्यापुढे सहा फूट. काठी लांब असली की फेक लांब जाते हे खरं, पण ते फेकणाऱ्याचे हात लांब असतील तर. मुठीची लांबीही बघावी. मोठ्यांच्या काठीची मागची मूठ कोपराच्या मागे जाईल एवढी असते. मुलाने तीच धरली तर दर फेकीला तिचं टोक पोटात किंवा शर्टात अडकतं, आणि ते टाळायला मूल दंड वाकडा करून फेकायला लागतं. ती सवय मग जाता जात नाही.

कशाची काठी घ्यावी, यावर दुकानदार तासभर बोलू शकतात. पूर्वी चिरलेल्या वेळूच्या पट्ट्या चिकटवून काठ्या करत. अमेरिकेत १९४० च्या दशकाच्या अखेरीस काचतंतूच्या, म्हणजे फायबरग्लासच्या काठ्या आल्या. कार्बन तंतूची पक्की पद्धत १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात बसवली गेली, आणि १९७३ मध्ये फेनविक कंपनीने ग्रॅफाइटची काठी बाजारात आणली. कार्बन हलका आणि ताठ, पण दगडावर आपटला, स्कूटरच्या फूटबोर्डवर दाबला गेला की आत बारीक चीर पडते आणि पुढच्या माशाला काठी मधोमध तुटते. फायबरग्लास थोडा जड, थोडा आळशी, पण मार खाणारा. मूल काठी जमिनीवर टाकणार, तिच्यावर पाय देणार, दारात चेमटणार, हे गृहीत धरूनच चालावं लागतं. माझं मत असं, की पहिली काठी फायबरग्लासची किंवा दोन्हींच्या मिश्रणाची घ्यावी. पाच-साडेपाच फुटांच्या काठीत वजनाचा फरक पडून पडून किती पडणार? त्या लांबीला कार्बनचा ताठपणा लागतही नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. कार्बन वीज वाहून नेतो. वरून विजेच्या तारा जात असतील किंवा आभाळात गडगडाट सुरू झाला असेल, तर कार्बनची काठी उभी धरणं जिवावर बेतू शकतं. ओली काठी कसलीही असो, तिचाही भरवसा धरू नये. जूनच्या आणि ऑक्टोबरच्या वादळी दुपारी पाण्याकडे जायचंच नाही, हा नियम काठी घेण्याआधी घरात ठरलेला असावा.

घडीच्या, एकात एक सरकणाऱ्या काठ्या ऑनलाइन सर्वांत जास्त दिसतात, कारण पार्सल छोटं होतं. ओहोटीच्या वाळूचे चार कण सांध्यात गेले की त्या ना उघडत ना मिटत. कड्या फिरतात, तंगूस वेडावाकडा घासतो. दोन तुकड्यांची काठी घ्यावी. साडेपाच फुटांची काठी सुटी केली की तीन फुटांच्या आत येते आणि एसटीत मांडीवर आडवी मावते.

काठीवरच्या कड्यांकडे कुणी पाहत नाही. कानात घालायची कापसाची काडी प्रत्येक कडीतून गोल फिरवा. कापसाचा एखादा तंतू अडकून राहिला तर तिथे डोळ्यांना न दिसणारी चीर आहे, आणि तीच चीर तुमचा तंगूस करवतणार. ही परीक्षा दुकानातच करावी. दुकानदार हसला तर हसू द्यावा.

आता रीळ. मुलांच्या बाबतीत वाद आहे तो दोन प्रकारांत. एक झाकलेलं, बटणाचं रीळ. दुसरं उघडं, वाकड्या तारेचं, ज्याला आपल्याकडे सरसकट स्पिनिंग म्हणतात. बटणाच्या रिळाची कथा मजेशीर आहे. टेक्सासचा आर. डी. हल नावाचा घड्याळजी १९४७ मध्ये ओक्लाहोमातल्या टल्सा इथल्या एका कारखान्यात आपली कल्पना घेऊन गेला. कारखान्याचं नाव ‘झिरो अवर बॉम्ब कंपनी’. तेलविहिरींत लावायचे ठरल्या वेळी फुटणारे सुरुंग ते बनवत. किराणा दुकानात पुड्या बांधताना न फिरणाऱ्या गुंडीवरून दोरा सुळकन निघतो, हे हलने पाहिलं होतं. १९४९ मध्ये त्यांचं पहिलं रीळ बाहेर पडलं आणि पुढे कंपनीने आद्याक्षरं जुळवून झेब्को हे नाव घेतलं. अंगठ्याने बटण दाबायचं, काठी पुढे आणताना सोडायचं. पाच वर्षांच्या मुलालाही जमतं. उघड्या रिळाचा उगम त्याहून जुना. ब्रॅडफर्डच्या लोकर गिरण्यांमधला आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ याने १९०५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. गुंडी स्थिर, दोरा तिच्या तोंडावरून उलगडत जाणार, ही मूळ युक्ती दोन्हींत एकच.

गोड्या पाण्यावर, सात वर्षांखालच्या मुलाला बटणाचं रीळ द्यायला माझी हरकत नाही. खाडीवर मात्र देऊ नये. खारं पाणी आणि वाळू झाकणाच्या आत जाऊन बसतात, आतला गुंता दिसत नाही, आणि मुलाला एवढंच कळतं की ‘बिघडलं’. उघड्या रिळात काय चाललंय ते डोळ्यांसमोर असतं. आठव्या वर्षापासून बहुतेक मुलं ते शिकतात, फक्त पहिल्या दिवशी हमखास उलटं धरतात: रीळ काठीच्या वर आणि हँडल मागच्या बाजूला फिरतंय. ते काठीखाली लोंबलं पाहिजे, एवढं सांगितलं की पुरे. डावखुऱ्यासाठी हँडल काढून दुसऱ्या बाजूला बसवता येतं.

आकार कोणता, याची परीक्षा मुलाच्या हातावरच होते. रीळ काठीवर बसवा. मुलाने दांडा दोन बोटांच्या मध्ये घेऊन मूठ आवळावी आणि तर्जनी सरळ पुढे करावी. बोटाचं टोक गुंडीच्या कडेला टेकलं पाहिजे, कारण फेकताना तार उघडल्यावर तंगूस त्याच बोटावर धरून ठेवायचा असतो. १००० आकाराच्या रिळावर दहा वर्षांच्या मुलाचं बोट सहसा टेकतं; २५०० वर अर्धा इंच कमी पडतं, मग मूल मूठ पुढे सरकवतं, पकड सुटते, आणि आमिष पाण्याऐवजी मागच्या माडावर जातं. मोठ्या आकाराच्या रिळाचा दांडा लांब असतो, हे त्याचं कारण. वेष्टणावर बेअरिंगांची संख्या ठळक छापलेली असते, तिच्याकडे लक्ष देऊ नये. दहा रद्दी बेअरिंगांपेक्षा तीन चांगली बरी.

जोडीबरोबर फुकट मिळालेला तंगूस मात्र काढून टाका. तो जाड असतो, छोट्या गुंडीवर बसत नाही, आणि पहिल्याच फेकीला त्याची वेटोळी उसळून बाहेर येतात. मुलांची निम्मी रडारड इथून सुरू होते. १००० च्या रिळावर सहा पौंडी साधा नायलॉन, म्हणजे ०.२२-०.२३ मिलिमीटर जाडीचा, गुंडीच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर खाली राहील इतका भरावा. वेणीचा, म्हणजे ब्रेडेड दोरा मुलांना नको. तो बारीक आणि जबरदस्त बळकट असतो, गरी खडकात अडकली की मूल तो हाताला गुंडाळून ओढतं आणि बोट कापून घेतं. नायलॉन ताणतो, तो ताणच मुलाच्या धसमुसळ्या झटक्यांना सांभाळून घेतो.

सहा पौंड म्हणजे २.७ किलो. एवढ्याशा दोऱ्यावर दोन किलोंची रोहू लागली तर? त्यासाठी ड्रॅग असतो: ठरावीक ओढ पडली की रिळाने आपणहून तंगूस सोडावा, अशी चकत्यांची योजना. ती दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर लावायची, म्हणजे इथे सातशे ते नऊशे ग्रॅमवर. ताणकाटा नसेल तर लिटरच्या बाटलीत पाऊण लिटर पाणी भरा, कड्यांतून ओवण्याआधी तंगूस रिळावरून सरळ खाली सोडून त्याला बाटली बांधा, आणि पुढची चकती अशी फिरवा की बाटली हळूहळू खाली सरकत राहील. घट्ट केलेला ड्रॅग हा मुलांच्या हातून मोठा मासा सुटण्याचा नेहमीचा मार्ग आहे, आणि तो बहुतेक वेळा बाजूला उभ्या असलेल्या काकाने घट्ट केलेला असतो.

हलक्या सामानाला मर्यादा आहेत, त्या लपवून उपयोग नाही. चिलापी, काळुंदर, किनाऱ्यावरची मुडदुशी, तलावातली लहान रोहू यांसाठी ते उत्तम. तांबोशी लागली तर ती पहिल्या झटक्यात खडकात किंवा कांदळाच्या मुळांत शिरते. मरळ वेलींत शिरतो. जिताड्याबद्दल बोलायलाच नको. तिथे दोरा तुटतो आणि तोंडात गरी घेऊन मासा जातो. अशा जागी मुलाला हलकी काठी देऊन पाठवू नये. उलट्या बाजूने अति हलकं, दोन पौंडी सामानही नको. मासा तासभर खेळवून दमवायचा आणि मग ‘सोडून दिला’ म्हणायचं, तो पुढे जगत नाही. शिंगाळा लागला तर तो मुलाने हाताळायचाच नाही, मोठ्या माणसाने पक्कड घेऊन सोडवायचा. त्याचा काटा फार ठणकतो. त्याच पकडीने गरीचा उलटा काटा आधीच चेपून ठेवला असेल, तर माशाच्या तोंडातूनही आणि मुलाच्या कानातूनही गरी सहज निघते. कान म्हणतोय ते गंमत म्हणून नाही. टोपी आणि साधा चष्मा हे सामानाचेच भाग समजावेत.

कुठे बसायचं, हे या पुस्तिकेच्या कक्षेबाहेर आहे, तरी दोन शब्द. बऱ्याच धरणांत आणि तलावांत मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. काठी उघडण्याआधी त्यांना विचारावं. मुंबईत पवईच्या तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन १९५५ पासून आहे, तिथे शिस्तीने शिकता येतं. पण पवईत मगरी आहेत, सांगलीकडे कृष्णेतही आहेत. पाण्यात पाय सोडून बसायचं नाही, हे मुलाला तिथे पोचण्याआधी सांगितलेलं बरं.

खाडीवरून आल्यावर रीळ नळाच्या जोरदार धारेखाली धरू नका. मीठ आत ढकललं जातं. ड्रॅग घट्ट करून ओल्या फडक्याने पुसा, कड्या गोड्या पाण्याने धुवा, सुकल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, म्हणजे चकत्या दाबून राहत नाहीत. हे काम मुलाकडूनच करून घ्यावं.

पुढच्या प्रकरणांचा क्रम काहींना उलटा वाटेल. सुरुवात माशांपासून आहे, मग तंगूस, मग रीळ, आणि काठी चौथ्या प्रकरणात. खरेदीही याच क्रमाने व्हावी असं वाटतं, कारण आधी काठी घेतली की बाकीचं सगळं तिच्या मापाने घ्यावं लागतं. पैसे मोजके असतील तर काठीत काटकसर करा, रिळात थोडी कमी, तंगुसात अजिबात नको. आणि दुकानात मुलाला बरोबर न्या; तर्जनी गुंडीला टेकते की नाही, हे त्याच्याशिवाय कळायचं नाही.